विषय: रेवाचं मेजर (पदवीचा मुख्य विषय) – १ मेच्या आत ठरवायचंय

माधुरी:
नमस्कार मंडळी,
आमच्या रेवाला इलिनॉय विद्यापीठात, अर्बाना-शँपेनला, सीएस (कॉम्प्युटर सायन्स) + लिंग्विस्टिक्स (भाषाशास्त्र) मिळालंय, आणि ब्राउन विद्यापीठाचा प्रवेशही आलाय. प्रवेश पक्का करायच्या डिपॉझिटची शेवटची तारीख १ मे, म्हणजे नेमका महाराष्ट्र दिन. तिला कोडिंग हवंय, भाषा हवीय आणि तबला सोडायचा नाहीये. अर्बानात वर म्युझिकचा मायनर (दुय्यम विषय) घेतला तर चार वर्षांत बसेल का? ज्यांची मुलं तिथे आहेत त्यांनी कृपया आजच कळवा.

श्रीकांत:
माधुरीताई, सीएस + लिंग्विस्टिक्स ही एकच पदवी आहे, डबल मेजर नव्हे. त्यामुळे मायनरला जागा निघू शकते. पण माझं ऐका, हातातलं सीएस सोडू नका. तिथे नंतर सीएसमध्ये शिरणं महाकठीण आहे. सीएसमधून बाहेर पडायला कोणी अडवत नाही. ब्राउनचं उलटं. तिथे १९६९ पासून ओपन करिक्युलम आहे, म्हणजे विषयांची सक्ती जवळजवळ नाही, आणि मेजर (ते कॉन्सन्ट्रेशन म्हणतात) दुसऱ्या वर्षात सांगायचं. जिचं अजून ठरत नाहीये तिला ते बरं. रेवाचं तर ठरलंय!

चारुशीला:
मायनरचं सगळे बोलताहेत, व्हिसाचं कोणीच नाही. रेवा अजून एच-४ वरच (आईवडिलांच्या वर्क व्हिसावर मुलांना मिळणारा व्हिसा) आहे ना? २१ पूर्ण झाली की ते संपतं, आणि तोवर ग्रीन कार्ड आलं नाही तर एफ-१, म्हणजे विद्यार्थी व्हिसा, घ्यावा लागतो. मग पदवीनंतर १२ महिने ओपीटी (नोकरी करायची परवानगी) आणि विषय स्टेम (विज्ञान-तंत्रज्ञान-गणित) यादीतला असेल तर आणखी २४. हे २४ महिने मेजरवर मिळतात. डबल मेजरमधलं एक स्टेम असलं तरी चालतं, पण मायनर स्टेम असून काही उपयोग नाही.
आमच्या मुलाचं इकॉनॉमिक्स मेजर आणि सीएस मायनर. त्याच्या मेजरचा सीआयपी कोड (अभ्यासक्रमाचा सरकारी क्रमांक) निघाला ४५.०६०१, म्हणजे साधं इकॉनॉमिक्स, स्टेमबाहेर. त्याच विभागात क्वांटिटेटिव्ह (गणितावर भर असलेला) ट्रॅक होता, त्याचा ४५.०६०३, तो स्टेममध्ये. आम्हाला कोणी आपणहून सांगितलं नाही, मग ट्रॅक बदलावा लागला. दोन्ही कॉलेजांना आधी कोड विचारा, आय-२० वर (कॉलेज विद्यार्थी व्हिसासाठी देतं तो कागद) तोच छापून येतो. ब्राउनमध्ये नुसतं लिंग्विस्टिक्स घ्यायचं म्हणाली तर त्याचाही विचारा.

प्रफुल्ल:
असे प्रश्न शिक्षण समितीच्या ईमेल यादीवर टाकायचे असं कार्यकारिणीत ठरलंय. मी ती यादी इतकी वर्षं सांभाळतोय ती सगळी उत्तरं एका जागी राहावीत म्हणूनच. चारुशीलाताईंची मेल तिकडे पाठवतोय, ती प्रत्येक पालकाने वाचायला हवी. बाकी तबल्याला क्रेडिट कशाला? सुट्टीत वाजवेल की.

विद्या:
प्रफुल्लदादा, सुट्टीत वाजवून हात राहत नाही. पुण्याला इंजिनिअरिंगच्या सबमिशनांमध्ये माझा रियाझ सुटला तो सुटलाच. रेवाची तबल्याची मध्यमा परीक्षा पूर्ण झालीय, कायदे (तबल्यातल्या बोलरचना) किती स्वच्छ वाजवते ते गणपतीत सगळ्यांनी ऐकलंय. वेळापत्रकात तास असला तरच तो पाळला जातो. मायनरमध्ये तबला धरतात का, हे संगीत विभागाला थेट विचारा. नाही म्हणाले तर मायनर नको, तेवढा वेळ गुरुजींच्या ऑनलाइन तासाला द्या. भाचीच्या कॉलेजात, भारतातही, आता २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाप्रमाणे मेजर-मायनर आलंय. तिने मायनर घेतला तो मैत्रिणीने घेतला म्हणून. फार वाईट वाटलं.

माधुरी:
चारुशीला, हो, एच-४ च. तिसऱ्या वर्षात २१ ची होईल. हे डोक्यातच नव्हतं, मनापासून आभार. सकाळी दोन्हीकडे फोन करते. विद्याताई, संगीत विभागालाही विचारते.

निखिल:
चारुशीलाताई, ट्रॅक बदलताना किती कोर्स वाढले? आमचा दुसऱ्या वर्षात आहे, इकॉनॉमिक्सच.

चारुशीला:
दोनच. लिनिअर अल्जिब्रा आणि वरच्या पातळीचं इकॉनोमेट्रिक्स. पण दुसरं घ्यायला आधी स्टॅटिस्टिक्स झालेलं लागत होतं, तिथे त्याचं एक सेमिस्टर गेलं. तुमच्याकडे वेगळं असेल, तर याच आठवड्यात ॲडव्हायझरला गाठा. फॉलचं (पुढच्या शरद सत्राचं) रजिस्ट्रेशन उघडलं की जागा भरतात.