पायथनमध्ये यादीला ‘+’ नाकारतो ते ‘+=’ मुकाट्याने कसे स्वीकारतो?

खानापूरकर:
आमच्या तालुक्यातील दूध संस्थांसाठी गावांची यादी करणारा छोटा प्रोग्रॅम मी पायथन 3 मध्ये लिहीत आहे. गावे = ["खानापूर", "बिडी"] अशी यादी घेऊन गावे + "नंदगड" असे लिहिले, तर टाइप एरर (चुकीच्या प्रकारची गोष्ट दिल्याची तक्रार) येते, आणि ते मला योग्यच वाटते; मात्र गावे += "नंदगड" असे लिहिल्यास कोणतीही एरर न येता दोनाच्या जागी सात नोंदी दिसतात, त्यांतील एक तर नुसता अनुस्वार आहे. हा भाषेचा दोष समजावा काय?

टिळकवाडी:
दोष नाही, पण गैरसमज व्हावा अशी रचना आहे खरी. ‘+’ दोन याद्या जोडून तिसरी, नवी यादी तयार करतो, म्हणून त्याला उजवीकडेही यादीच लागते. ‘+=’ हे 2000 साली आलेल्या पायथन 2.0 पासूनचे चिन्ह. यादीपुरते ते एक्स्टेंड या यादी वाढवणाऱ्या आज्ञेसारखे वागते, म्हणजे उजवीकडे जे काही एकेक करून वाचता येईल, ते मूळ यादीतच भरते. मजकूर असा वाचला की एकेक युनिकोड वर्ण सुटा होतो, आणि ‘नंदगड’मधून न, अनुस्वार, द, ग, ड असे पाच निघतात. ‘खानापूर’ असते, तर दोन काने आणि ऊकार धरून सात नोंदी वाढल्या असत्या. इंग्रजी नावांची निदान अक्षरे तरी उरतात. आपल्याकडे मात्रा अधांतरी लोंबतात. एकच नाव घालायचे असल्यास आपण अपेंड वापरावे, किंवा उजवीकडे ["नंदगड"] असे चौकटी कंसात द्यावे.

निपाणीकर:
आधी जुनी = गावे असे लिहून नंतर गावे += ["नंदगड"] केले, तर ‘जुनी’तही नंदगड दिसते, कारण दोन्ही नावे एकाच यादीची आहेत; गावे = गावे + ["नंदगड"] केल्यास ‘जुनी’ जशीच्या तशी राहते. यादी फंक्शनला, म्हणजे प्रोग्रॅममधल्या नाव दिलेल्या तुकड्याला, दिलेली असेल, तेव्हा हे हमखास नडते. टपलमध्ये, म्हणजे ज्याच्या नोंदी बदलता येत नाहीत अशा संचात, ठेवलेल्या यादीवर ‘+=’ चालवले, तर टाइप एरर येते आणि तरीही यादी वाढलेली असते, कारण भर आधी पडते आणि टपलमध्ये ती परत नोंदवणे नंतर फसते. अधिकृत दस्तऐवजात याचा खुलासा आहे, तरी मी याला दोषच म्हणेन.

खानापूरकर:
अपेंड वापरल्यावर तीनच नोंदी आल्या. माझ्याकडे यादी फंक्शनलाच दिली जाते. चिक्कोडीच्या यादीत खानापूरची गावे कशी शिरत होती, तेही आता समजले.