हात वर न करणाऱ्या मुलाचं नाव वर्गात घ्यावं का?

खडूचा तुकडा
सहावी ते आठवीला गणित शिकवतो. यंदा वर्गात ‘येतं त्यांनी हात वर करा’ बंद केलं. प्रश्न विचारतो, थांबतो आणि मग कुणाचंही नाव घेतो. चाळीसपैकी तेच सहा हात वर जायचे आणि मी समजायचो, वर्गाला कळलं. पहिल्या चाचणीत तो समज साफ उतरला.

यातलं ‘थांबतो’ महत्त्वाचं. अमेरिकेतल्या शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गांतली ध्वनिमुद्रणं तपासून दाखवलं होतं, की प्रश्न टाकल्यावर शिक्षक जेमतेम सेकंदभर थांबतात. तीन सेकंद थांबलं तरी उत्तरं लांबतात, ‘माहीत नाही’ कमी होतं. तीन सेकंद म्हणजे काहीच नाही वाटतं ना? फळ्यासमोर उभं राहून गप्प बसून बघा.

स्टाफरूममध्ये मात्र दोन तट पडलेत. एका बाईंचं म्हणणं, या वयात नाव घेणं म्हणजे पोराला चव्हाट्यावर आणणं. तुमचं मत?

मागचा बाक
बाईंशी सहमत. सातवीत माझा आवाज फुटायला लागला होता. सरांनी नाव घेतलं, उभा राहिलो. उत्तर येत होतं, उणे सात. ‘उणे’ नीट निघालं, ‘सात’ला आवाज चिरकला. वर्ग फिस्सकन हसला, सरही किंचित हसले. उत्तर बरोबर होतं हे कुणाच्या लक्षातही नसेल. वर्षभर मला ‘उणे सात’ हाक मारायचे.

मानसशास्त्रज्ञ डेव्हिड एल्काइंड यांनी १९६७ मध्ये या वयातल्या ‘काल्पनिक प्रेक्षकां’बद्दल लिहिलं. सगळं जग आपल्याकडेच बघतंय असं मुलांना वाटतं. तुम्ही नाव घेता तेव्हा ते प्रेक्षक काल्पनिक राहत नाहीत, खरेच चाळीस जण वळून बघतात. डोक्यात उत्तर असलं तरी ते त्या क्षणी जागेवर नसतं.

खडूचा तुकडा
वाईट वाटलं वाचून. पण चूक नाव घेण्याची की त्या हसण्याची? हसू तिथल्या तिथे थांबवणं सरांचं काम होतं. आणि ज्याचं नाव कधीच घेतलं जात नाही, त्यालाही निरोप पोचतोच की, तुझ्याकडून अपेक्षा नाही. तो निरोप मुलं फार लवकर वाचतात.

जुना विद्यार्थी
आम्हाला उभं करूनच शिकवलं, छडीही खाल्ली. काही बिघडलं नाही. उगाच कापसात गुंडाळू नका.

मागचा बाक
काही बिघडलं नाही हे कोण ठरवणार, काका?

आठवीतल्या मुलीची आई
आमच्याकडे गणिताच्या तासाच्या दिवशी सकाळीच पोट दुखतं. डॉक्टर झाले, जंत झाले. शेवटी कळलं, बाई यादीतून नावं घेतात आणि तिचं नाव जवळ आलंय. सगळ्यांनी पाटीवर उत्तर लिहून एकदम वर धरलं तर काय बिघडेल? बोलायची सक्ती नाही आणि सुटकाही नाही.

आडवी रेघ
लाजऱ्या मुलांवरच चर्चा चाललीय, दुसरं टोकही बघा. गार्डनर आणि स्टाइनबर्ग या मानसशास्त्रज्ञांच्या २००५ च्या प्रयोगात १३ ते १६ वयाच्या मुलांना संगणकावर गाडी चालवायला दिली. सवंगडी बघत असताना त्यांनी एकटं असतानापेक्षा जास्त धोके पत्करले. प्रौढांना फारसा फरक पडला नाही. वर्गातही तेच. मी ज्याचं नाव घेते तो मुद्दाम अचाट उत्तर देतो, वर्ग खिदळतो, त्याची वट वाढते. येत असूनही चुकीचं सांगतात! म्हणजे नाव घेऊन तुम्ही विदूषकाला व्यासपीठ देताय.

खडूचा तुकडा
पाटीचा प्रयोग आठवडाभर केला, ताईंचे आभार. २(क्ष + ३) चा कंस सोडवायला सांगितला. पाट्या वर आल्या आणि अकरा जणांनी २क्ष + ३ लिहिलेलं. त्यातले दोघे माझे नेहमीचे हात वर करणारे! हे मला तोंडी विचारून वर्षभरात कळलं नसतं.

पण पाटीवर ‘का’ मावत नाही. तीनला दोनने का गुणलं नाही, हे कुणीतरी बोलायलाच हवं. म्हणून आता आधी पाटी, मग शेजाऱ्याशी दोन मिनिटं, मग नाव. तेही ‘तुला काय वाटतं’ असं नाही, ‘तुमच्या जोडीत काय ठरलं’ असं. चुकलं तर चूक दोघांत वाटली जाते. नाव घेणं सोडणार नाही.

मागचा बाक
‘जोडीत काय ठरलं’ हे चालेल. पण जोड्या कोण लावणार? मुलांवर सोडलं तर ज्याला कुणी घेत नाही तो पुन्हा उघडा पडतो.

खडूचा तुकडा
मीच लावतो, दर पंधरवड्याला बदलतो. कुरकुर होते.

मागचा बाक
होऊ दे. नवीन जोडी लागल्यावर पहिला आठवडा नावं घेऊ नका, एवढं तरी कबूल करा.

खडूचा तुकडा
तीन दिवस.