मदत हवी आहे : घरोघरच्या पाण्याची हंगामवार नोंद कशी घ्यावी?

नमस्कार मंडळी. मंगळवेढा तालुक्याच्या दक्षिणेकडचं आमचं कोरडवाहू गाव. टँकर येतो तेव्हा टंचाई दिसते, पण घराघरातली ओढाताण त्याच्या दोन महिने आधीच सुरू झालेली असते. नळयोजनेत माणशी रोज 55 लिटर धरतात. त्यात जनावरं कुठं येतात? दुभत्या संकरित गाईला उन्हाळ्यात 70-80 लिटर सहज लागतं. पाणी तुटलं की आधी दूध आटतं, मग शेळ्या विकतात, शेवटी गाय पडत्या भावानं बाजारात जाते. बायकांचा खुरपणीचा रोज बुडतो तो वेगळाच, हापशावर नंबर लावून बसावं लागतं म्हणून.

यंदा ग्रामसभेपुढं घरनिहाय आकडे ठेवायचेत : पाणी कुठून, किती घागरी, किती वेळ, विकतचं किती रुपयांचं, जनावरांना किती. हे तिन्ही हंगामांचं वेगवेगळं हवं, वर्षाची सरासरी काढली की उन्हाळा त्यात बुडून जातो.

अडचण अशी की मागच्या मे महिन्यातलं लोकांना नेमकं आठवत नाही. संक्रांत, पाडवा, आषाढी अशा खुणा धरून विचारावं का? आणि दिवाळीपासून ऊसतोडीला गेलेली घरं कशी मोजायची? ती परत येतात ती ऐन टंचाईत, त्यांना सोडून चालणार नाही.

सांगोला, करमाळ्याकडं कुणी असं काम केलं असेल तर प्रश्नांचा नमुना पाठवा, प्लीज. संक्रांतीच्या आत पहिली फेरी उरकायची आहे.