मदत हवी आहे: कच्च्या आहारात हाडाचं प्रमाण किती ठेवू?

बोका, वय 3 वर्षं, वजन 4 किलो, नसबंदी झालेली. दीड महिन्यापासून कच्चं मांस देतेय, रोज 120 ग्रॅम: 80 टक्के मांस (टॉरिन या मांजरांना आवश्यक पोषकद्रव्यासाठी त्यात हृदय भरपूर), 10 टक्के कच्चं हाड, 5 टक्के यकृत, 5 टक्के मूत्रपिंड. दहा दिवसांपासून शी पांढरी, खडूसारखी कोरडी. कुंथताना बघवत नाही. जेवणात पाणी मिसळलं, फरक नाही. हाड 6 टक्क्यांवर आणलं तेव्हा शी सुधारली. डॉक्टरांनी तपासलं, अडथळा नाही, किडनीचे रिपोर्टही चांगले. पण कच्च्या आहाराचं प्रमाण ते सांगत नाहीत. शिजवलेलं हाड फुटून टोचतं म्हणून देणार नाही. 6 टक्के हाडातून कॅल्शियम पुरेल, की अंड्याच्या कवचाची पूड घालावी? घालायची तर किलोभर मांसाला किती?