बेदाणा शेडमधल्या एकट्या बाईवर शॉर्टफिल्म, जवळपास संवादांशिवाय: कशी उभी करावी?

द्राक्षपंढरी: तासगाव भागात बेदाणा निवडायला जाणाऱ्या एकट्या बाईवर १५ मिनिटांची फिल्म आहे. डोळ्यांसमोर फिनिश दिग्दर्शक आकी कौरिस्माकीचा 'द मॅच फॅक्टरी गर्ल' (१९९०), आगपेटीच्या कारखान्यातल्या एकट्या मुलीवरचा. पण पटकथेत दर दोन सीननंतर बाई खिडकीत बसलेली. रडकं वाटतंय. शिवाय शेडमध्ये मोबाइलवर शूट करताना काय सांभाळायचं?

कृष्णाकाठ: खिडकी काढाच. तो पिक्चर जेमतेम ७० मिनिटांचा आहे आणि त्यात रेंगाळणं नाही. सुरुवात ओंडक्यापासून होते. लाकडाचा पातळ पापुद्रा सुटतो, काड्या होतात, पेट्या भरतात. बाई येते ती साखळीच्या शेवटी, तीही आधी हात आणि मग चेहरा. एकटेपणासाठी वेगळा सीन लागतच नाही.

तुमच्याकडं अशी साखळी आयती आहे. द्राक्षं पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या (लवकर सुकावीत म्हणून वापरतात ते तेल) पाण्यात बुडवतात, रॅकच्या जाळीवर पसरतात, साधारण १५-२० दिवसांनी झाडून काढतात. मग देठ काढायचं मशीन, धुणं, गंधकाची धुरी, निवड, १५ किलोचा बॉक्स. चार किलो द्राक्षांचा किलोभर बेदाणा होतो, म्हणजे भरलेला रॅक आणि नंतरचा ढीग एवढ्या दोन शॉटांतच काळ सरकतो. बाईला सातव्या-आठव्या शॉटला आणा. नटीला निवड खरोखर शिकवा: नजर मालावर, दोन्ही हात चालू, काळा मणी आणि काडी बाजूला. हात अडखळला की आपल्याकडचा प्रेक्षक तिथंच सुटला! साडीवर पुरुषी शर्ट, डोक्याला स्कार्फ. फाटकं लुगडं नको.

ध्वनी_मिरज: सेकंदाला २५ फ्रेम, शटर १/५० सेकंद. आपली वीज ५० हर्ट्झची, २४ फ्रेम आणि १/४८ शटरवर ट्यूबच्या उजेडात पट्टे सरकू शकतात. स्वस्त एलईडी तरीही लुकलुकतात, आधी अर्धा मिनिट शूट करून मोठ्या स्क्रीनवर बघा. एक्स्पोजर आणि फोकस लॉक. आवाज वेगळा घ्या: मशीन सुरू होताना, चालू असताना, बंद होताना, आणि बंद झाल्यावर शेडची मिनिटभर शांतता. हा शेवटचा तुकडा सगळे विसरतात आणि एडिटला हातात काही उरत नाही. मशीन चालू असताना संवाद घेऊच नका.

द्राक्षपंढरी: आणि शेवट? त्या पिक्चरमध्ये नायिका उंदीर मारायचं विष आणते.

कृष्णाकाठ: ते उचलू नका. त्याआधी तासाभराचा हिशोब साठलेला असतो, १५ मिनिटांत ते नुसतं सनसनाटी होईल. उचलायचाच तर लाल ड्रेसचा भाग बघा. पगारातून ती ड्रेस घेते, सावत्र बाप थोबाडीत देतो, आई परत करून ये म्हणते. मोजके शॉट, रडारड नाही. तुमच्याकडं पगाराचं पाकीट आहे. ते कोण उघडतं, किती नोटा काढून घेतं आणि उरलेल्या कुठं ठेवतं, एवढं एकाच फ्रेममध्ये दाखवा. वर बासरी मात्र टाकू नका, कृपा करा.