मदत हवी आहे: मोंगोडीबीत मराठी कोलेशन लावलं की जुना इंडेक्स वापरला जात नाही

रावेर-सावदा भागातल्या केळी व्यापाऱ्यांसाठी पावत्यांचं सॉफ्टवेअर चालवतो. नोड जेएस, डेटाबेस मोंगोडीबी 6, सर्व्हर एकच आणि रॅम फक्त 2 जीबी.

गावावर फिल्टर लावून शेतकऱ्यांची नावं मराठी क्रमाने हवीत. फाइंडच्या ऑप्शन्समध्ये कोलेशन (भाषेप्रमाणे अक्षरांची तुलना आणि क्रम लावायचे नियम) दिलं, लोकेल म्हणजे भाषेचा कोड 'एमआर'. क्रम अगदी बरोबर येतो, पण एक्सप्लेनमध्ये (क्वेरी कशी चालते ते दाखवणारा अहवाल) कॉलस्कॅन दिसतं, म्हणजे इंडेक्स न वापरता सगळं कलेक्शन (नोंदींचा संच) वाचलं जातं. गाव-नाव असा कंपाउंड (दोन फील्डचा) इंडेक्स आहे, पण तो कोलेशनशिवाय बनवलेला. टेस्ट डेटाबेसवर कोलेशनसह दुसरा इंडेक्स केला, तिथे आयएक्सस्कॅन (इंडेक्समधून शोध) आलं. मात्र दिवसाच्या बेरजेच्या जुन्या क्वेरी कोलेशन देत नाहीत, त्यांना जुनाच इंडेक्स लागतो. लिमिट आणि प्रोजेक्शन (लागतील तेवढीच फील्ड आणणं) आधीच आहे. नावं ब्राउझरमध्ये सॉर्ट करता येणार नाहीत, पानं सर्व्हरवरच पडतात.

कलेक्शनचं डिफॉल्ट कोलेशन नंतर बदलता येत नाही, म्हणजे नवं कलेक्शन करून डेटा हलवावा लागेल. माल भरायच्या दिवसांत सिस्टीम बंद ठेवणं शक्य नाही, रात्री थोडा वेळ मिळतो.

एवढ्या रॅमवर दोन्ही इंडेक्स ठेवावेत, की डेटा हलवून डिफॉल्ट कोलेशन लावावं? आणि तसं केलं तर नावाच्या सुरुवातीच्या अक्षरांवरचा रेजेक्स (पॅटर्न जुळवून केलेला) सर्च मंदावेल का?