नाशिकची नोकरी सोडून चाकणला जावं का? पगार ७.२ लाखांवरून १०.८ लाख

मायक्रोमीटर
नमस्कार मंडळी. वय ३४, डिप्लोमा मेकॅनिकल. नाशिकला अंबड एमआयडीसीत एका मध्यम कंपनीत क्वालिटीला आहे. इंजिनाचे व्हॉल्व्ह गाइड (व्हॉल्व्हची दांडी सरळ ठेवणारी नळी) बनतात आमच्याकडे. इथे ४ वर्षं ४ महिने झाले. सीटीसी (कंपनीचा माझ्यावरचा वर्षाचा एकूण खर्च) ७.२ लाख, बेसिक महिन्याला ३० हजार, हातात साडेपन्नास हजारांच्या आसपास येतात. दरवर्षी पाच-सहा टक्के वाढ.

चाकणच्या एका कंपनीची ऑफर आली आहे. इलेक्ट्रिक गाड्यांच्या मोटरचे शाफ्ट आणि हाउसिंग करतात. सीटीसी १०.८ लाख, त्यातले १.२ लाख व्हेरिएबल, म्हणजे कामगिरीवर कमी-जास्त होणारे. दोन महिन्यांत रुजू व्हा म्हणतात. माझा नोटीस पिरियडही दोनच महिन्यांचा.

नाशिकला स्वतःचं घर आहे. आई-वडील सोबत, दीड वर्षापूर्वी वडिलांची बायपास झाली. बायको खाजगी शाळेत शिकवते, मुलगी सीनियर केजीत. बायपासच्या वेळी आमच्या मालकांनी न मागता दीड लाख ॲडव्हान्स दिला, चाळीस दिवस सुट्टी दिली, एक शब्द बोलले नाहीत. तो ॲडव्हान्स मागच्या दिवाळीत फिटला. तरी राजीनाम्याचा मेल लिहायला बसलो की हात थांबतो. तुम्ही काय केलं असतं?

चाकणवासी
जा. डोळे मिटून जा. मी २०१६ला साताऱ्याहून इकडे आलो तेव्हा माझीही अशीच घालमेल झाली होती. चौतिसाव्या वर्षी एकदम पन्नास टक्के वाढ पुन्हा मिळत नाही. चाळिशीनंतर क्वालिटीतला माणूस मॅनेजर तरी होतो किंवा आहे तिथेच राहतो. पुढची प्रत्येक कंपनी आधीचा पगार विचारूनच आकडा ठरवते, त्यामुळे आज सोडलेले पैसे म्हातारपणापर्यंत कमी पडत राहतात.

गोदाकाठ
पन्नास टक्के कुठून आणले? हिशोब तरी करा. १०.८मधून व्हेरिएबल काढलं की राहिले ९.६ लाख, महिन्याला ८० हजार. बेसिक ४० धरली तर पीएफ दोन्ही बाजूंचा ९,६००, ग्रॅच्युइटीच्या नावाने १,९२४, विम्याचे सात-आठशे, प्रोफेशनल टॅक्स २००. हातात साडेसदुसष्ट. आज साडेपन्नास येतात. फरक १७ हजार. चाकणजवळ मोशीत बऱ्यापैकी दोन बेडरूमला तेवढंच भाडं लागतं, डिपॉझिट वेगळं. वहिनींची नोकरी सुटली तर तो पगारही गेला. म्हणजे स्वतःचं घर सोडून, आई-वडिलांना एकटं ठेवून, हातात आजच्यापेक्षा कमी. कशासाठी?

इन्कम टॅक्सचं म्हणाल तर नव्या पद्धतीत पगारदाराला पावणेतेरा लाखांपर्यंत तो शून्यच आहे. तिथे काही फरक पडत नाही.

चाकणवासी
@गोदाकाठ, पीएफ तुम्ही खर्चात धरलात. तो त्यांच्याच खात्यात जातो ना? आज दोन्ही मिळून ७,२०० जातात, तिथे ९,६०० जातील.

गोदाकाठ
मान्य. २,४०० इकडे वाढवा. भाड्याचं काय?

एचआर_नाशिक
मी वीस वर्षं याच कामात आहे, म्हणून ज्या गोष्टी कोणी विचारत नाही त्या सांगते.

पहिली ग्रॅच्युइटी. तुमच्या ३० हजार बेसिकवर पाच वर्षं पूर्ण झाली तर ३०,००० गुणिले १५ भागिले २६ गुणिले ५, म्हणजे सुमारे ८६,५०० रुपये. नोटीस देऊन साडेचार वर्षांवर निघालात तर शून्य. पाचव्या वर्षात २४० दिवस भरले तरी चालतं असं मद्रास उच्च न्यायालयाने म्हटलंय, पण बऱ्याच कंपन्या ते मानत नाहीत आणि मग कामगार आयुक्तांच्या कार्यालयात खेटे घालावे लागतात. तुमचे तेवढे दिवसही भरत नाहीत, त्यामुळे तो रस्ता नाहीच. नवीन कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५पासून लागू झाल्या, त्यात एका वर्षावर ग्रॅच्युइटी आहे ती ठराविक मुदतीच्या कराराच्या लोकांना. कायम माणसाला पाच वर्षंच. व्हॉट्सॲपवर उलटंसुलटं फिरतंय, त्यावर जाऊ नका.

दुसरी, आणि माझ्या मते सगळ्यात मोठी, मेडिक्लेम. आजच्या कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत आई-वडील आहेत का? नवीन कंपनीत आहेत का? ऑफर लेटरवर ते नसतं, विचारावं लागतं. बायपास झालेल्या माणसाला बाहेर नवीन वैयक्तिक पॉलिसी घ्यायची तर मुळात मिळणं कठीण, आणि मिळाली तरी आधीच्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. ग्रुप पॉलिसीत बहुतेक वेळा पहिल्या दिवसापासून कव्हर असतं. नोकरी सोडताना त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत बदलून घेण्याची सोय असते, पण त्यासाठी शेवटच्या दिवसाच्या आधी अर्ज हलवा. आमच्याकडे लोक महिनाभराने येतात आणि मग काही करता येत नाही.

पीएफ काढू नका, ट्रान्सफर करा. पेन्शनसाठी लागणाऱ्या दहा वर्षांत सगळी नोकरी मोजली जाते.

निवृत्त_फोरमन
पोरा, दीड लाख ज्याने न मागता दिले त्याला सोडताना दहा वेळा विचार कर. मी ३१ वर्षं एकाच कंपनीत काढली. १९९०च्या दशकात कंपनीवर वाईट दिवस आले, दोन महिने पगार उशिरा झाले, तेव्हा आम्ही कोणी हललो नाही. पुढे मालकांनी आमच्यातल्या चौघांच्या मुलांना कामावर घेतलं. मोठी कंपनी तुला नंबराने ओळखेल. इथे तुझ्या बापाचं नाव माहीत आहे मालकाला.

प्राची_क
काका, तुमच्या काळाचा आदर आहे, पण हे मला मनापासून पटत नाही. तो ॲडव्हान्स होता. त्यांनी तो फेडला आणि मधल्या काळात कामही केलं. उपकार मान्य करायचा, समोर बसून आभार मानायचे, नोटीस पूर्ण करायची, ज्युनियरला शिकवून निघायचं. यापलीकडे माणूस आयुष्य बांधून देत नाही. माझे वडील अशाच एका चांगल्या मालकाकडे २४ वर्षं होते. मालक गेले, मुलगा बसला, त्याने सहा महिन्यांत अर्धा शॉप बंद केला. वडील तेव्हा ५१चे. नंतर वर्षभर त्यांना सिक्युरिटीखेरीज काम मिळालं नाही. चांगुलपणा माणसाचा असतो, कंपनीचा नसतो.

निवृत्त_फोरमन
तुमच्या वडिलांचं वाईट वाटलं, बेटा. मी पाहिलेत असे प्रसंग. तरीही बायपास झालेला बाप घरी असताना मुलाने दोनशे किलोमीटर लांब जाऊ नये, हे माझं मत कायम आहे.

सीएनसी_वाला
सगळे पगारावर बोलताय, पार्टवर कोणीच बोलेना. @मायक्रोमीटर, तुम्ही व्हॉल्व्ह गाइड करता. इलेक्ट्रिक गाडीत व्हॉल्व्हच नसतो, गाइड कुठून येणार? आमच्या सातपूरच्या शॉपमध्ये इंजिनाच्या एका पार्टची लाइन तीन पाळ्यांची होती. गेल्या वर्षी ती एका पाळीवर आली. कोणाला काढलं नाही, पण ओव्हरटाइम गेला आणि गेला तो घराच्या हप्त्याएवढा पैसा होता. त्या लाइनवरचा गेजिंगचा टेबल अजून तसाच आहे, भोकाचं माप तपासायचे प्लग गेज तेल लावून डब्यात ठेवलेत, रोज जाताना दिसतात. मोटरच्या शाफ्टवर आत्ता पाच वर्षं काढलीत तर चाळिशीत तुम्हाला मागणी असेल. मी १७ हजारांसाठी नाही, या एका कारणासाठी जा म्हणेन.

गोदाकाठ
हा मुद्दा ऐकायला बरोबर आहे, पण अर्धा. ट्रॅक्टर, ट्रक, जनरेटर इतक्यात बॅटरीवर जाणार नाहीत. बजाजने जुलै २०२४मध्ये सीएनजीवर चालणारी फ्रीडम १२५ आणली, तिलाही व्हॉल्व्ह लागतात. हायब्रिड गाडीत इंजिन असतंच. आणि क्वालिटीच्या माणसाला पार्ट बदलला म्हणून काम नवीन होत नाही. पीपॅप (नव्या पार्टच्या मंजुरीची कागदपत्रं) तोच, एट-डी (दोषाचं मूळ शोधायची पद्धत) तोच, आयएटीएफचं (वाहन उद्योगाच्या गुणवत्ता मानकाचं) ऑडिट तेच. उलट इलेक्ट्रिकच्या नव्या कंपन्यांत ऑर्डर एकाच ग्राहकाच्या जिवावर असते. तो ग्राहक शिंकला की इथे माणसं कमी. यांनी विचारलंय का, त्या कंपनीचे ग्राहक किती?

सीएनसी_वाला
ग्राहकांचं विचारायलाच हवं, ते तुमचं शंभर टक्के खरं. ट्रॅक्टरचंही खरं. पण @मायक्रोमीटर यांनाच सांगू दे, त्यांच्या कंपनीत ट्रॅक्टरचं काम किती आणि दुचाकीचं किती?

मायक्रोमीटर
दुचाकीचं साठ टक्क्यांच्या वर. ट्रॅक्टरचं थोडंच, बाकी कार. गेल्या आठ महिन्यांत एकही नवीन पार्ट डेव्हलपमेंटला आलेला नाही. हे इथे लिहीपर्यंत माझ्याही नीट लक्षात आलं नव्हतं. पूर्वी महिन्याला एखाद-दुसऱ्या पीपॅपची फाइल माझ्या टेबलावर असायची.

चाकणवासी
मी आधी "डोळे मिटून" म्हणालो ते मागे घेतो. मेडिक्लेमचं माझ्या डोक्यात आलं नव्हतं. आणखी एक विचारून घ्या, साप्ताहिक सुट्टी कधी? इकडे चाकण-भोसरीत पुष्कळ कंपन्यांना गुरुवारची सुट्टी असते. मुलीची शाळा रविवारी बंद, तुमची कंपनी गुरुवारी. हे ऐकायला छोटं वाटतं, मी नऊ वर्षं भोगतोय. मुलाच्या एकाही स्नेहसंमेलनाला मी रजा टाकल्याशिवाय गेलो नाही. आणि संध्याकाळी तळेगाव चौकातून निघायला कधी पाऊण तास लागतो, तो धरूनच घर शोधा.

शाळेतली_बाई
वहिनींचं मत कोणी विचारलं का? मीही खाजगी शाळेत आहे. आमच्याकडे मध्येच सोडलं की पुन्हा शून्यापासून, आणि नव्या गावात जून उलटल्यावर कोणी घेत नाही. त्यांच्या नोकरीचा हिशोब "पगार गेला" एवढ्या दोन शब्दांत संपवू नका. सासूबाई-सासऱ्यांची औषधं, तपासण्या, हे सगळं त्या एकट्या बघणार असतील तर निर्णय त्यांचाही आहे.

एचआर_नाशिक
@मायक्रोमीटर, ऑफर आल्यावर दोन-चार दिवस असतात तेव्हाच बोलता येतं. ग्रॅच्युइटी बुडतेय हा आकडा लेखी दाखवा आणि तेवढा जॉइनिंग बोनस मागा. व्हेरिएबलमधलं काही फिक्समध्ये टाका म्हणा. आई-वडिलांना मेडिक्लेममध्ये घ्यायला सांगा, प्रीमियम तुमच्या पगारातून कापला तरी चालेल. नाही म्हणाले तर नुकसान काहीच नाही. आणि आजच्या मालकाला ऑफर दाखवून पगार वाढवून घ्यायचा खेळ करू नका. वर्षभराने माणसं कमी करायची वेळ आली की त्याच माणसाचं नाव पहिलं निघतं, हे मी दोन कंपन्यांत पाहिलंय.

निवृत्त_फोरमन
शेवटच्या वाक्याशी मी सहमत नाही. मालकाला न सांगता परस्पर ठरवणं हा त्याचा अपमान आहे. पगार वाढवून मागू नकोस, पण ठरवायच्या आधी एकदा त्याच्या समोर बस.

मायक्रोमीटर
पाच दिवसांनी लिहितोय, उशीर झाला.

काका, तुमचं ऐकून मालकांना आधी भेटलो. ते म्हणाले, दुचाकीचं काम कमी होतंय हे मलाही दिसतंय, पंपाच्या पार्टचा प्रयत्न चालू आहे, पण दोन वर्षं तरी तुला दहा लाख देऊ शकत नाही. मग म्हणाले, वडिलांची पॉलिसी बदलून घ्यायचं पत्र मी आजच देतो. तिथून उठून गेजरूममध्ये आलो आणि बराच वेळ काही काम सुचलं नाही.

नवीन कंपनीशी बोललो. ८६ हजार मागितले, ५० हजार जॉइनिंग बोनस देतात, वर्षाच्या आत सोडलं तर परत करायचा. व्हेरिएबलमधले ६० हजार फिक्समध्ये आले. ग्राहक तीन आहेत, त्यातला एक मोठा. आई-वडील मेडिक्लेममध्ये घेतील, प्रीमियम माझा. सुट्टी गुरुवारचीच.

बायकोशी दोन रात्री बोलणं झालं. तिची शाळा आणि मुलीची शाळा नाशिकलाच राहणार. पहिलं वर्ष मी एकटा मोशीत कॉट बेसिसवर (खोलीतली एक खाट भाड्याने घेऊन) राहीन, बुधवारी संध्याकाळी निघून नाशिकला, गुरुवारी रात्री परत. ती म्हणाली, वर्षाने पुन्हा बसून ठरवू, तोवर कोणी कोणाला बोल लावायचा नाही. राजीनामा काल दिला.

गोदाकाठ
मी अजूनही गेलो नसतो. एका मोठ्या ग्राहकावरची कंपनी आणि आठवड्याला एक दिवस घर, हे मला महाग वाटतं. पण तुम्ही सगळं विचारून ठरवलंत. वडिलांच्या कार्डिओलॉजिस्टची अपॉइंटमेंट शक्यतो गुरुवारची घ्या. नाशिकमध्ये ऐन वेळी कोणी लागलं तर मला इथे निरोप टाका, मी इंदिरानगरला राहतो.

चाकणवासी
पहिल्याच दिवशी सुपरवायझरला सांगून ठेवा, बुधवारी सेकंड शिफ्ट नको. एकदा लागली की ती बदलत नाही, आणि मग रात्री साडेअकराला सुटून संगमनेर, सिन्नर करत पहाटे घरी पोचाल. खेडच्या पुढे ओळखीचा एक जण दर बुधवारी संध्याकाळी साडेपाचला कार घेऊन नाशिकला जातो, पेट्रोल वाटून घेतो. त्याला विचारून तुम्हाला कळवतो.